उतरलेली बॅटरी आणि वॉल्टर नर्न्स्ट

सोयाबीन काढणीचे दिवस. बेंबळीच्या शिवारात सकाळी सकाळी कुणीतरी ट्रॅक्टरचा सेल्फ मारतं आणि नुसतं टक्-टक् वाजतं. बॅटरी उतरली! मग ती काढायची, गाडीवर घालायची आणि दुकानात न्यायची. दुकानदार वरची सहा बुचं उघडतो, रबरी फुगा लावलेल्या काचेच्या नळीत थोडं ॲसिड ओढून घेतो, आतला तरंगता काटा किती बुडाला ते बघतो आणि सांगतो की ग्रॅव्हिटी पडलीय, चार्जिंगला ठेवावी लागेल.

त्यानं व्होल्टमीटर लावलेलाच नाही. फक्त ॲसिड किती पातळ झालंय ते बघितलं आणि त्यावरून बॅटरीत दम किती उरला ते सांगितलं. हे कसं जमतं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर त्याचं उत्तर तुम्ही बारावीत तीन-चार मार्कांसाठी लिहून आलेले आहात. विद्युत रसायनशास्त्राच्या धड्यातलं नर्न्स्ट समीकरण. तेच ते, ज्यात ०.०५९२ भागिले एन येतं आणि ज्यात लॉगच्या आतलं वर-खाली झालं की अख्खं गणित चुकतं.

समीकरण पाठ असतं, पण त्याच्यामागचा माणूस कुणी सांगत नाही. आज त्याची ओळख करून घेऊ.

सरहद्दीवरचा मुलगा

वॉल्टर नर्न्स्टचा जन्म २५ जून १८६४ चा. गाव ब्रीझेन. तेव्हा ते प्रशियाच्या राज्यात होतं, आज पोलंडमध्ये आहे. गाव जागचं हलत नाही, राज्यं मात्र बदलतात, हे धाराशिवकरांना वेगळं सांगायला नको; आपल्या पणजोबांनी निजामाच्या राज्यात शाळेची पायरी चढली होती. वॉल्टरचे वडील न्यायाधीश होते. शाळेत तो हुशार, लॅटिनची गोडी असलेला, आणि एका टप्प्यावर तर त्याला कवी व्हायचं होतं. पुढं तो भौतिकशास्त्राकडे वळला.

तेव्हाच्या जर्मन पद्धतीप्रमाणे तो एकाच विद्यापीठात चिकटून बसला नाही. झुरिक, बर्लिन, ग्राझ, वुर्झबुर्ग असं फिरत तो शिकला. ग्राझला बोल्ट्झमनच्या विभागात काम केलं. वुर्झबुर्गला त्याचे मार्गदर्शक होते फ्रीडरिक कोहलरॉश. ओळखीचं नाव वाटलं ना? विरल द्रावणाच्या वाहकतेचा कोहलरॉशचा नियम, तोच हा माणूस. १८८७ मध्ये नर्न्स्टनं त्यांच्याकडे डॉक्टरेट मिळवली. तिथंच त्याची गाठ पडली स्वीडनहून आलेल्या स्वांटे अऱ्हेनियसशी. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे आयन सुटे होतात, असं सांगणारा हा तरुण. आणि तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवणारे फार थोडे. अऱ्हेनियसच्या ओळखीतून नर्न्स्ट लाइपझिगला विल्हेल्म ओस्टवाल्डचा सहायक म्हणून गेला.

कोहलरॉश, अऱ्हेनियस, ओस्टवाल्ड. तुमच्या पुस्तकात ही नावं वेगवेगळ्या पानांवर, वेगवेगळ्या चौकटींत असतात. प्रत्यक्षात ही माणसं एकमेकांना पत्रं लिहिणारी, एकमेकांच्या प्रयोगशाळेत राबणारी होती. नर्न्स्ट त्यांच्यातला सगळ्यात धाकटा.

पंचविशीतलं उत्तर

आता तेव्हाचा प्रश्न काय होता ते बघा. व्होल्टानं १८०० मध्ये जस्त आणि दुसऱ्या धातूच्या चकत्या, मध्ये खारं पाणी भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत रचून पहिली बॅटरी केली. त्याला वाटायचं की दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले, की त्या टेकण्यातूनच वीज येते. दुसरे म्हणायचे, तसं नाही, वीज रासायनिक क्रियेतून येते. हा वाद जवळजवळ शतकभर चालला. मधल्या काळात १८३६ मध्ये लंडनच्या डॅनियलनं जस्त-तांब्याचा चांगला टिकाऊ घट केला, तारयंत्रं त्यावर चालली, फॅराडेनं विद्युत अपघटनाचे नियम दिले, गिब्ज आणि हेल्महोल्ट्झ यांनी ऊर्जेचा हिशोब मांडला. तरीही जस्ताची कांडी द्रावणात बुडवली की तिथं नेमकं होतं काय, आणि द्रावण पातळ केलं की व्होल्टेज नेमकं किती बदलेल, याचं सरळ उत्तर नव्हतं.

ते नर्न्स्टनं १८८९ मध्ये दिलं, वयाच्या पंचविशीत.

त्याचं म्हणणं असं होतं. जस्ताच्या कांडीला विरघळायची ओढ असते. तिच्यातले अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयन होऊन द्रावणात उतरू पाहतात. या ओढीला त्यानं विद्राव दाब म्हटलं. पण द्रावणात आधीच असलेले आयन उलटे ढकलतात, परत धातूवर बसू पाहतात. एकीकडून धातूचा रेटा, दुसरीकडून द्रावणाचा रेटा. दोन्ही जिथं तुल्यबळ होतात तिथं कांडी आणि द्रावण यांच्यात विद्युत विभवाचा ठरावीक फरक तयार होतो. जस्ताची ओढ दांडगी, तांब्याची अगदीच थोडी. म्हणून दोघांची जोडी लावली की इलेक्ट्रॉन जस्ताकडून तांब्याकडे धावतात.

एसटीच्या दारात काय होतं ते आठवा. बाजारच्या दिवशी गाडी लागते, आतले उतरू पाहतात, खालचे चढू पाहतात. खाली गर्दी जास्त असेल तर उतरणारा अडतो. फलाट रिकामा असेल तर भरभर उतरतो. द्रावणात जस्ताचे आयन कमी ठेवले तर आणखी जस्त सहज उतरतं आणि घटाचं व्होल्टेज वाढतं. आयनांची गर्दी झाली की व्होल्टेज घटतं.

आकडे घालून बघा. डॅनियल घटात जस्ताचं प्रमाण विभव उणे ०.७६ व्होल्ट, तांब्याचं अधिक ०.३४, म्हणून घटाचं १.१० व्होल्ट. ही झाली ई-नॉटची गोष्ट, म्हणजे दोन्ही द्रावणं एक मोलर आणि तापमान २५ अंश असतानाची. आता जस्ताचं द्रावण शंभर पट पातळ करा. लॉग शंभर म्हणजे २, त्याला ०.०२९६ नं गुणलं की ०.०५९. घट आता १.१६ व्होल्ट देईल. शंभर पट बदल, आणि फरक सहा शतांश व्होल्ट! म्हणूनच सेल बराच वेळ एकसारखा चालतो आणि शेवटी एकदम मान टाकतो. हा घट पूर्ण बसेल, म्हणजे व्होल्टेज शून्य होईल, तेव्हा जस्ताच्या आयनांचं तांब्याच्या आयनांशी असलेलं गुणोत्तर किती होईल? एकावर सुमारे ३७ शून्यं. गणित स्वतः करून बघा, खोटं वाटलं तर.

एक गोष्ट लक्षात ठेवा. एकट्या इलेक्ट्रोडचं विभव कुणालाही मोजता येत नाही. व्होल्टमीटरला दोन टोकं असतात. एक इथं लावलं की दुसरं कुठंतरी लावावंच लागतं. मग शून्य कुठं धरायचं? हायड्रोजनच्या इलेक्ट्रोडला शून्य मानायचं, ही रीत रूढ होण्यात नर्न्स्टचा मोठा वाटा आहे. तक्त्यातलं ते शून्य निसर्गानं दिलेलं नाही, माणसांनी बसून ठरवलेलं आहे. समुद्रसपाटीपासून धाराशिवची उंची मोजतो, तसंच.

विद्राव दाबाचं ते चित्र आज कुणी जसंच्या तसं मानत नाही. समीकरण आता गिब्ज मुक्त ऊर्जेवरून काढून दाखवतात. पण समीकरण टिकलं.

दिवा, पैसा आणि मोटार

१८९० मध्ये नर्न्स्ट गॉटिंगेनला गेला. १८९२ मध्ये एमा लोमायरशी लग्न झालं. पुढच्याच वर्षी त्याचं सैद्धांतिक रसायनशास्त्राचं पुस्तक आलं, ते अनेक वर्षं विद्यार्थ्यांनी वापरलं. म्युनिकहून बोलावणं आल्यावर प्रशिया सरकारनं त्याला थांबवण्यासाठी गॉटिंगेनमध्येच भौतिक रसायन आणि विद्युत रसायन यांची स्वतंत्र संस्था काढून दिली.

हा माणूस पुस्तकी नव्हता. १८९७ मध्ये त्यानं एक दिवा शोधला. एडिसनच्या दिव्यात कार्बनची तार निर्वात काचेत जळायची. नर्न्स्टनं झिर्कोनियम आणि इट्रियमच्या ऑक्साइडची बारीक कांडी घेतली. ही कांडी थंड असताना वीज जाऊ देत नाही, पण तापली की तिच्यातून आयन वाहू लागतात आणि ती लखलखीत उजळते. निर्वात काचेची गरजच नाही. खोट एवढीच की बटण दाबल्यावर कांडी आधी तापवावी लागायची, मग उजेड. एईजी कंपनीनं त्याचे हक्क घेतले आणि नर्न्स्टला दहा लाख मार्क दिले. प्राध्यापकाच्या पगारापुढं ही रक्कम प्रचंड होती. पुढं टंगस्टनच्या तारेचा दिवा आला आणि नर्न्स्टचा दिवा मागे पडला. पैसे मात्र त्याला आधीच मिळाले होते. त्यातून त्यानं हौसेनं मोटारी घेतल्या, रस्त्यावर घोडागाड्याच जास्त असण्याच्या काळात.

दिवा गेला, पण ती कांडी गेली नाही. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे बीएस-६ची मोटारसायकल आहे, त्यांनी सायलेन्सरच्या पाइपवर बसवलेला ऑक्सिजन सेन्सर बघावा. बऱ्याच गाड्यांच्या सेन्सरमध्ये तोच पदार्थ असतो, इट्रियम मिसळलेलं झिर्कोनियम ऑक्साइड. एका बाजूला धुरातला ऑक्सिजन, दुसऱ्या बाजूला बाहेरच्या हवेतला. दोन्हींच्या प्रमाणातल्या फरकामुळे व्होल्टेज तयार होतं, ते नर्न्स्ट समीकरणाप्रमाणे. त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. धड्यातला संहती घट तुमच्या गाडीच्या सायलेन्सरवर बसलेला आहे!

बर्लिन

१९०५ मध्ये तो बर्लिनला प्राध्यापक झाला. त्याच वर्षी त्यानं उष्णतेचा सिद्धांत मांडला. ऊष्मागतिकीचा तिसरा नियम म्हणून आपण तो शिकतो. निरपेक्ष शून्याकडे जाताना पदार्थांचं वागणं कसं होतं, ते त्यात आहे. हे तपासायला त्याच्या प्रयोगशाळेनं अतिशय कमी तापमानावर पदार्थांच्या विशिष्ट उष्णता मोजल्या. ते आकडे तरुण आइन्स्टाइनच्या पुंज कल्पनेशी जुळले. नर्न्स्ट स्वतः झुरिकला जाऊन आइन्स्टाइनला भेटून आला. १९११ मध्ये उद्योगपती सोल्व्हेच्या पैशानं ब्रसेल्सला जी प्रसिद्ध परिषद भरली, ती भरवण्यामागे नर्न्स्ट होता. १९१३ मध्ये तो आणि प्लांक पुन्हा झुरिकला गेले, आइन्स्टाइनला बर्लिनला येण्यासाठी राजी करायला. तो आला.

या प्रयोगशाळेचा धागा आपल्या देशापर्यंत येतो. कोलकात्यात बसून मेघनाद साहांनी नर्न्स्टच्याच एका शिष्याचा लेख वाचला आणि एक धाडसी विचार केला: तापलेल्या ताऱ्यात अणूतून इलेक्ट्रॉन सुटतो, तीही रासायनिक क्रियाच समजली तर? नर्न्स्टची रीत त्यांनी ताऱ्यांना लावली आणि १९२० मध्ये साहा समीकरण जगापुढं आलं. त्यानंतर साहा युरोपात गेले, तेव्हा बर्लिनला नर्न्स्टच्याच प्रयोगशाळेत त्यांनी काम केलं. पुढं आपल्या इरावती कर्वे डॉक्टरेटसाठी बर्लिनला गेल्या, तेव्हाही नर्न्स्ट त्या शहरात शिकवत होता. इरावतीबाईंचा विषय मानवशास्त्र. त्यांचे पती दिनकर कर्वे मात्र रसायनशास्त्राचे प्राध्यापक.

युद्ध

इथपर्यंत सगळं यशाचं झालं. पुढचं वाचायला कठीण आहे, पण गाळण्यासारखं नाही.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. नर्न्स्ट पन्नास वर्षांचा होता. तो आपली मोटार घेऊन सैन्यात स्वयंसेवक ड्रायव्हर म्हणून दाखल झाला आणि पॅरिसच्या दिशेनं निघालेल्या फौजेसोबत गेला. जर्मन सैन्याच्या वर्तनाचं समर्थन करणाऱ्या ९३ विद्वानांच्या जाहीरनाम्यावर त्याचीही सही होती. त्यानं शत्रूला हैराण करणाऱ्या रसायनांवर आणि तोफगोळ्यांवर काम केलं. ज्या डोक्यानं आयनांचं गणित सोडवलं, तेच डोकं इथं खर्ची पडलं.

त्याला पाच मुलं, दोन मुलगे आणि तीन मुली. रुडॉल्फ आणि गुस्टाव, दोन्ही मुलगे या युद्धात मारले गेले.

१९२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला १९२१ मध्ये मिळालं, उष्णतेच्या कामासाठी. ते घरी आलं तेव्हा घरात मुलगे नव्हते.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. तीनपैकी दोन मुलींचे नवरे ज्यू होते. त्या मुलींना देश सोडावा लागला. नर्न्स्टचे कितीतरी सहकारी आणि शिष्य पदांवरून काढले गेले. ज्याला त्यानं आग्रहानं बर्लिनला आणलं होतं, तो आइन्स्टाइनही परत आला नाही. १९१४ मध्ये राष्ट्राच्या नावानं सही करणारा नर्न्स्ट आता नव्या राजवटीच्या मागे गेला नाही. त्याच वर्षी निवृत्त होऊन तो झिबेले नावाच्या गावी आपल्या शेतावर राहायला गेला.

तिथं त्यानं तळ्यात मासे पाळले. असं सांगतात की गोठ्यात जनावरांच्या अंगची ऊब जाणवल्यावर त्यानं ठरवलं, आपल्या पैशानं आसमंत तापवण्यात अर्थ नाही. मासे बरे, ते पाण्याच्याच तापमानाचे राहतात. उष्णतेचा हिशोब त्यानं म्हातारपणीही सोडला नव्हता. १८ नोव्हेंबर १९४१ रोजी, दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना, तो तिथंच वारला. ते गावही आज पोलंडमध्ये आहे. त्याच्या अस्थी नंतर गॉटिंगेनला आणल्या.

परत बेंबळीला

आता दुकानातल्या त्या बॅटरीकडे या. शिसं, शिशाचं डायऑक्साइड आणि मध्ये सल्फ्युरिक ॲसिड. बॅटरी वापरली जाते तसं ॲसिड खर्च होतं आणि पाणी तयार होतं. म्हणजे द्रावण पातळ होतं, आणि नर्न्स्टच्या हिशोबानं व्होल्टेज पडतं. भरलेल्या बॅटरीच्या ॲसिडची ग्रॅव्हिटी साधारण १.२६ च्या पुढे आणि व्होल्टेज १२.६ च्या आसपास. उतरलेलीचं ॲसिड पाण्याच्या जवळ आलेलं आणि व्होल्टेज १२ च्या खाली. दुकानदारानं काटा बघितला, म्हणजे समीकरणातली लॉगच्या आतली बाजूच बघितली.

घरात माती परीक्षणाचा कागद असेल तर तोही काढा. त्यावर सामू लिहिलेला असतो, आठ वगैरे. प्रयोगशाळेत तो पीएच मीटरनं मोजलाय. काचेच्या पातळ फुग्याच्या आत आणि बाहेर हायड्रोजन आयनांचं प्रमाण वेगळं, म्हणून तिथं विभव तयार होतं. सामू एकानं बदलला की विभव ५९ मिलिव्होल्टनं बदलतं. तोच ०.०५९२! आपल्या काळ्या रानाला काय मानवेल, ते ठरवताना हा आकडा उपयोगी पडतो.

परीक्षेत तुम्हाला ई-नॉट तक्त्यातून मिळतो. तो धातूचा, जन्मानं आलेला. पण समीकरणात दुसरं पदही असतं, आजूबाजूला काय आहे ते सांगणारं. दोन्ही मिळून जे येतं तेच खरं व्होल्टेज. नर्न्स्टचं आयुष्य या दुसऱ्या पदाशिवाय कळत नाही. योग्य माणसांची संगत मिळाली तेव्हा पंचविशीत त्यानं शतकाचा वाद मिटवला. युद्धाच्या गर्दीत तोच माणूस जाहीरनाम्यावर सही करून बसला. धातूला मात्र आपलं द्रावण निवडता येत नाही. माणसाला काही प्रमाणात येतं, आणि तेवढ्यापुरता जाबही त्यालाच द्यावा लागतो.

आणि बॅटरी उतरली म्हणजे मेली असं नसतं. बाहेरून उलटा प्रवाह दिला की ती पुन्हा भरते. फक्त उशीर करू नका. उतरलेली बॅटरी तशीच महिनाभर कोपऱ्यात ठेवली तर आतलं सल्फेट घट्ट बसतं आणि मग चार्जरही फार काही करू शकत नाही. हे दुकानदार तुम्हाला सांगेलच. तो ग्रॅव्हिटी बघत असेल तेव्हा जवळ उभे राहा, आणि जमलं तर आकडे वहीत उतरवून घ्या.